दाढेवरची कॅप आणि तिच्याखालची दाढ



मागच्या हिवाळ्यात मी दोहाला मुलाकडे राहायला गेले होते. शुक्रवारची सकाळ होती. कतारमध्ये शुक्रवार सुट्टीचा, त्यामुळे सगळे घरात. नाश्ता झाल्यावर सुनेने खलास खजुराची डबी पुढे केली. मलिद्याच्या ताटात आपण जो खजूर ठेवतो त्याहून हा मऊ आणि मधासारखा चिकट. दोन खाल्ले. तिसरा चावला तर दाताखाली काहीतरी कडक लागले. बी असेल म्हणून हातात काढले, तर ती माझीच कॅप! डाव्या बाजूची, खालची, चौदा वर्षे तोंडात राहिलेली.

मुलगा म्हणाला, "आई, घरात तो झटपट चिकटणारा गोंद आहे. लावून टाकू का?" मी त्याला रागावले. पण खरे सांगते, कॅप स्वच्छ धुऊन पाहिली तेव्हा मनात थोडा अभिमानच वाटला. एवढ्या वर्षांनी कशी आरशासारखी चकाकत होती! दुखत तर मुळीच नव्हते. म्हणून शब्बाथ सुटेपर्यंत थांबले आणि शनिवारी रात्री नातवाला सोबत घेऊन दवाखान्यात गेले. तिथे केरळची एक तरुण डेंटिस्ट होती. तिने आधी कॅपकडे पाहिलेच नाही. तिने दाढ पाहिली, टोकदार सळईने खरवडली, एक्स-रे काढला आणि म्हणाली, "आंटी, कॅप उत्तम आहे. पण ती बसवायची कशावर?"

दाढ आतून काळी पडून भुसभुशीत झाली होती. सळई तिच्यात ओल्या लाकडात रुतावी तशी रुतत होती. चौदा वर्षे मी कॅप घासत आले आणि ज्या दाढेसाठी कॅप बसवली ती दाढ घालवून बसले. आयुष्यभर दुसऱ्यांना सूचना देणाऱ्या नर्सची ही गत! म्हणून या वेळचे सदर कॅपवर.

तो एक्स-रे पाहताना मला एक जुना रुग्ण आठवला. मी १९८३ साली दोहाला नोकरीसाठी गेले. हमद जनरल हॉस्पिटल सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. त्याआधी १९५७ पासूनचे रुमैला हॉस्पिटल हेच मोठे इस्पितळ. मी तिथल्या सरकारी नोकरीत एकवीस वर्षे काढली, बहुतेक काळ पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात. आपल्या रायगड-रत्नागिरीकडची माणसे कतारमध्ये तेव्हाही पुष्कळ होती. बांधकामावर, गोदामात, हॉटेलांच्या स्वयंपाकघरात. वॉर्डात कुणी "सिस्टर, तुम्ही मराठी का?" असे विचारले की मला माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटे.

१९९० नंतरच्या एका उन्हाळ्यात असाच एक म्हसळ्याकडचा जवान माणूस रात्री दाखल झाला. हनुवटीखालचा भाग दगडासारखा टणक सुजलेला, जीभ वर उचलली गेलेली, तोंड उघडता येत नाही, स्वतःची लाळसुद्धा गिळता येत नाही. तो पाठीवर निजू शकत नव्हता, कारण निजला की श्वास अडके. वैद्यकीय भाषेत याला 'लुडविग्ज अँजायना' म्हणतात. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८३६ साली त्याचे वर्णन केले, म्हणून हे नाव. नावात अँजायना असला तरी हृदयाशी त्याचा संबंध नाही. खालच्या दाढेच्या मुळाशी साठलेला पू जबड्याच्या आतल्या बाजूने उतरून जिभेखाली आणि गळ्यात पसरतो, आणि श्वासाची वाट बंद होत जाते. माणूस काही तासांत जाऊ शकतो. त्या रात्री डॉक्टरांनी त्याच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घातली आणि जबड्याखालून पू काढला. तो वाचला.

सुजेचे मूळ एका कॅप घातलेल्या दाढेत होते. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत गावी गेला असताना त्याने ती बसवून घेतली होती. त्यानंतर तिथे घाण वास येई, मधूनच हिरडीवर पुळी येई आणि फुटे. खोलीतला सोबती त्याला आपल्याजवळच्या कॅप्सूल देई. चार दिवस खाल्ल्या की बरे वाटे. असे तीन-चारदा झाले. नळी निघाल्यावर, बोलता येऊ लागल्यावर त्याने मला पहिला प्रश्न विचारला तो असा, "सिस्टर, कॅप तर लोखंडाची. लोखंडाला कीड कशी लागली?"

मी तेव्हा त्याला घाईघाईत काहीतरी उत्तर दिले असेन. आता नीट देते.

कॅपला कीड लागत नाही. ती धातूची असो, धातूवर पोर्सिलेन चढवलेली असो किंवा हल्लीची पांढरी झिर्कोनियाची असो, जंतू तिचे काही करू शकत नाहीत. पण कॅप म्हणजे सबंध दाढ नव्हे. डॉक्टर तुमची दाढ चारी बाजूंनी सुमारे दीड-दोन मिलिमीटर घासून बारीक करतात आणि तिच्यावर कॅप सिमेंटने बसवतात, बाटलीवर बूच बसवावे तशी. कॅप हिरडीजवळ संपते. तिथून खाली तुमची स्वतःची दाढ सुरू होते. हा जो सांधा आहे, तिथेच सगळा खेळ आहे. आमच्या रेवदंड्याच्या घराची कौले पन्नास वर्षे धड होती. पाणी झिरपले ते भिंत आणि छप्पर मिळतात त्या जागी, आणि वासा कुजला तो आतून. खालून बघणाऱ्याला काही दिसले नाही. दाढेचे अगदी तसेच होते.

त्या सांध्यापाशी अन्नाचा आणि जंतूंचा पांढरट मऊ थर बसतो. आपण काही गोड खाल्ले की जंतू त्याचे आम्ल करतात आणि ते आम्ल दाढ विरघळवते. त्यात आपले वय वाढले की हिरड्या खाली सरकतात आणि दाढेचे मूळ उघडे पडते. दाताच्या वरच्या भागावर एनॅमलचे कठीण कवच असते, मुळावर ते नसते. त्यामुळे मुळाला कीड लवकर लागते. एकदा सांध्यातून वाट मिळाली की ती कॅपच्या आत आत जाते, आणि वरून कॅप झाकण घालून बसलेली.

मग दुखत का नाही? कारण बहुतेक कॅपा रूट कॅनल केलेल्या दाढेवर बसवलेल्या असतात. रूट कॅनलमध्ये दाढेची नस काढून टाकतात. नस नाही म्हणजे वेदना नाही. ही सोय आहे तसाच धोकाही आहे, कारण आजार सांगणारा निरोप्याच आपण काढून टाकलेला असतो. मी चौदा वर्षे "मला काही त्रास नाही" असेच म्हणत होते. त्या म्हसळ्याच्या माणसालाही दाढ दुखलीच नव्हती. पुढे सूज आल्यावर दुखला तो जबडा.

तेव्हा दुखण्याची वाट पाहू नका. दुसऱ्या खुणा पाहा. एकाच जागी पुन्हा पुन्हा अन्न अडकते आहे का? फ्लॉस तिथेच चिरफाळतो का? सकाळी उठल्यावर एका बाजूला घाण चव येते का? ब्रश करताना त्याच दाढेभोवती रक्त येते का? जिभेने ढकलल्यावर कॅप किंचित हलते का? आणि सर्वांत महत्त्वाचे, हिरडीवर बारीक पुळी येऊन फुटते आणि पुन्हा येते का? ही पुळी म्हणजे आतल्या पुवाने स्वतःसाठी काढलेली मोरी. ती फुटली की हायसे वाटते, पण आतला पू संपलेला नसतो. धातूवर पोर्सिलेन चढवलेल्या कॅपच्या कडेला हिरडीजवळ करडी रेघ दिसते, तिला मात्र घाबरू नका. बहुधा हिरडी सरकल्यामुळे आतला धातू दिसू लागलेला असतो. ती कीड आहे की धातू, ते डॉक्टर सांगतील.

आता घासण्याविषयी. ब्रश मऊच घ्या. त्याचे केस हिरडीकडे तिरके धरून, अर्धे हिरडीवर आणि अर्धे कॅपच्या कडेवर टेकतील असे ठेवून, हलक्या हाताने बारीक बारीक फिरवा. भांडी घासल्यासारखे आडवे रेटू नका, त्याने मूळ झिजते. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे, आणि रात्रीचे कधीही चुकवू नका. रात्री लाळ कमी होते आणि जंतूंना मोकळे रान मिळते. पेस्ट फ्लोराईडची असावी. ट्यूबवर १००० ते १४५० पीपीएम असा आकडा असतो तो पाहा. घासून झाल्यावर फेस थुंकून टाका, पण पाण्याच्या चुळा भरभरून फ्लोराईड धुऊन काढू नका. ही सवय लागायला मला दोन महिने लागले, कारण लहानपणापासून आपल्याला खळखळून चूळ भरायला शिकवलेले. कतारमध्ये नळाला येते ते समुद्राचे गोडे केलेले पाणी. खारेपणाबरोबर त्यातले नैसर्गिक फ्लोराईडही बहुतेक निघून जाते. म्हणून तिथल्या आपल्या मंडळींनी पेस्टच्या बाबतीत हयगय करू नये.

मिश्री, कोळशाची पूड, मीठ, खरखरीत दंतमंजन, यांनी कॅपची चकाकी तर जातेच, पण हिरडी आणि मूळ सोलून निघते. दात पांढरे करणाऱ्या पेस्टने कॅप पांढरी होत नाही, उगाच पैसे घालवू नका. आणि मिसवाक? दोहाच्या बाजारात पिलूच्या झाडाच्या त्या काड्या जागोजागी मिळतात आणि माझ्या अरब सहकारी बायका त्या वर्षानुवर्षे वापरत. वाईट मुळीच नाही. टोक चावून मऊ कुंचला करून घ्यावा आणि रोज ते टोक कापून नवे करावे. पण काडी दोन दातांच्या मध्ये पोहोचत नाही. ब्रशही पोहोचत नाही. माझी दाढ नेमकी तिथूनच गेली.

दोन दातांमधली जागा स्वच्छ करायला फ्लॉस लागतो, किंवा फटी मोठ्या असतील तर बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा बारीक ब्रश. फ्लॉसचा हातभर तुकडा घ्या, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळा, करवतीसारखा हलवत फटीत उतरवा, आणि कॅपला कवेत घेतल्यासारखा इंग्रजी 'सी'च्या आकारात वळवून हिरडीच्या किंचित खालपर्यंत नेऊन वर-खाली घासा. मग शेजारच्या दाताच्या अंगाने तसेच करा. पहिले आठ-दहा दिवस रक्त येईल. रक्त येते म्हणून थांबू नका. हिरडी सुजलेली आहे म्हणून ते येते, आणि सूज गेली की तेही थांबते. दोन आठवड्यांनंतरही येत राहिले तर दाखवा. शिवणकामाचा दोरा वापरू नका, हिरडी कापते. आणि बायकांनो, मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन दातात घालणे आता तरी सोडा. सांधेदुखीने बोटे वळत नसतील तर पाण्याची बारीक धार सोडणारे यंत्र मिळते. फ्लॉसइतके नाही, पण काही न करण्यापेक्षा बरेच चांगले.

दोन-तीन कॅपा जोडून मध्ये खोटा दात बसवलेला असेल, ज्याला आपण ब्रिज म्हणतो, तर त्या खोट्या दाताच्या खालून साफ करावे लागते. त्यासाठी टोकाला कडक असलेला खास फ्लॉस येतो. डॉक्टरांकडून एकदा करून दाखवून घ्या, तोंडी ऐकून जमत नाही.

खाण्यापिण्याबद्दल फार कडक नियम मी घालणार नाही. कॅप खाण्यासाठीच बसवलेली असते. पण सुपारी फोडणे, बर्फ चावणे, बाटलीचे बूच दातांनी उघडणे, दोरा दातांनी तोडणे, हे बंद. पोर्सिलेन तडकते. दोहाच्या उन्हाळ्यात मुले बर्फाचे खडे कडाकडा चावतात, त्यांना माझे हे सांगणे आहे. खजूर आधी उकलून बी काढूनच खावा. चिक्की, टॉफी आणि आपला चिकाचा हलवासुद्धा कॅप नसलेल्या बाजूने.

खरे नुकसान करतो तो करक. ज्यांनी कतार पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते: करक म्हणजे डब्याच्या दुधातला, वेलची घातलेला, दाट गोड चहा. लोक टपरीसमोर गाडी उभी करून हॉर्न वाजवतात आणि पोऱ्या कागदी पेला गाडीत आणून देतो. माझा मुलगा सकाळी एक पेला घेऊन ऑफिसात बसतो आणि तासभर घोट घोट पितो. मग दुपारी एक, संध्याकाळी एक. प्रत्येक गोड घोटानंतर साधारण अर्धा तास तोंडात आम्ल राहते. तासभर घोट घेत बसले तर दाढेला उसंतच नाही. तेवढीच साखर एका बैठकीत पोटात गेली असती तर दातांचे नुकसान कमी झाले असते. किती गोड खाता यापेक्षा किती वेळा खाता, हे दातांच्या बाबतीत मोठे आहे. त्यात उष्मा, दिवसभराचा एसी आणि कमी पाणी पिणे, यांनी तोंड कोरडे पडते. रक्तदाबाच्या, ॲलर्जीच्या, मनाच्या आजारांच्या कित्येक गोळ्यांनीही लाळ आटते. लाळ आम्ल धुऊन काढते, तेव्हा ती कमी झाली की कीड लवकर लागते. चहा पिऊन झाल्यावर दोन घोट साधे पाणी प्यावे.

आता सुट्टीतल्या कॅपविषयी, कारण परदेशातल्या आपल्या बहुतेक कुटुंबांची गोष्ट हीच आहे. आखातात खाजगी डेंटिस्ट महाग, म्हणून तीन-चार आठवड्यांच्या रजेत मुंबईत किंवा गावी रूट कॅनल आणि कॅप उरकून घ्यायची. यात चूक काही नाही, आपल्याकडे उत्तम डेंटिस्ट आहेत. चूक होते ती घाईत. रजेच्या पहिल्याच आठवड्यात काम सुरू करा, शेवटच्या नको. पक्की कॅप तयार होईपर्यंत एक-दोन आठवडे तात्पुरती कॅप असते. ती मुद्दाम हलक्या सिमेंटने लावलेली असते, तेव्हा तिथला फ्लॉस वर ओढून न काढता बाजूने सरकवून काढा. पक्की कॅप बसवल्यावर त्या दिवशी चिकट किंवा कडक काही नको, आणि भूल उतरेपर्यंत चावणे नको, नाहीतर गाल चावला जातो. दोन दिवस जेवून पाहा. चावताना ती कॅप इतरांच्या आधी टेकते असे वाटले तर लगेच परत जा. "होईल सवय" म्हणू नका. उंच राहिलेली कॅप रोज हजार वेळा ठोकली जाते. मग दाढ दुखते किंवा पोर्सिलेन उडते. डॉक्टर दोन मिनिटांत घासून देतात, पण तुम्ही विमानात बसलात की ती दोन मिनिटे वर्षभर मिळत नाहीत. रात्री झोपेत दात खाण्याची सवय असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, ते रात्री घालायचे प्लास्टिकचे कवच करून देतात.

निघताना कागद मागून घ्या. कोणती दाढ, कधी रूट कॅनल, कधी कॅप, कॅप कशाची, आणि शेवटचा एक्स-रे. दाढेला आकडा असतो: खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ म्हणजे ३६. तो आकडा जगात बहुतेक ठिकाणच्या डेंटिस्टना कळतो. फोनमध्ये फोटो काढून ठेवलात तरी चालेल. आणि जिथे राहता तिथे वर्षातून निदान एकदा, मधुमेह किंवा हिरड्यांचा आजार असेल तर दोनदा, दात दाखवा. कतारमध्ये हेल्थ कार्ड असणाऱ्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत दातांचे डॉक्टर असतात. माझ्यासारख्या पाहुण्यांचे वेगळे. १ फेब्रुवारी २०२३ पासून कतारला भेटीला येणाऱ्यांना आरोग्य विमा सक्तीचा आहे, पण तो तातडीच्या आणि अपघाताच्या उपचारांपुरता. कॅपचे काम त्यात धरू नका. म्हणून मुलांकडे निघण्याआधी इथेच दात दाखवून जावे. मी गेले नाही.

पाहुण्या आईवडिलांना आणखी एक सांगते. दाढदुखीसाठी इथून गोळ्या नेताना नाव वाचा. ट्रामाडॉल आणि कोडीन असलेल्या गोळ्यांवर कतारमध्ये कडक निर्बंध आहेत. आपल्याकडे सहज मिळालेली पट्टी तिथल्या विमानतळावर मोठे संकट आणू शकते. साधी पॅरासिटामॉल न्या, आणि बाकी औषधांना डॉक्टरांची चिठ्ठी जोडा.

कॅप निघालीच तर? आधी ती सापडली का ते पाहा. पुसून, धुऊन डबीत ठेवा, कागदी रुमालात गुंडाळू नका, रुमाल केरात जातो. गोंदाने कधीही चिकटवू नका. गोंद दाढेला आणि हिरडीला भाजतो, कॅप वाकडी बसते आणि आतली कीड झाकली जाते. औषधाच्या दुकानात दातांसाठीचे तात्पुरते सिमेंट मिळते. ते मिळाले तर दिवसा बसवा, पण झोपताना कॅप तोंडातून काढून ठेवा. झोपेत ती श्वासनलिकेत जाऊ शकते. दोन-तीन दिवसांत डॉक्टरांकडे पोहोचा. उघडी दाढ ठिसूळ असते आणि शेजारचे दात सरकू लागले की तीच कॅप पुन्हा बसत नाही. कॅप गिळली गेली असेल तर बहुधा ती पोटातून निघून जाते, तरी डॉक्टरांना कळवा. पण त्यानंतर खोकला सुटला, छातीत घुरघुर होऊ लागली तर थेट इस्पितळ गाठा.

सुजेवर बाहेरून शेक देऊ नका. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका, कातडी जळून पांढरी पडते. आणि सोबत्याच्या कॅप्सूल खाऊ नका. त्यांनी सूज थोडी ओसरते, पण पुवाचे मूळ दाढेत तसेच राहते आणि पुढच्या वेळी जास्त जोराने उसळते. जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडायला त्रास, गिळता न येणे, आवाज बदलणे, श्वास लागणे, यांतले काहीही दिसले तर डेंटिस्टची वेळ घेत बसू नका. कतारमध्ये ९९९, भारतात १०८, इस्रायलमध्ये १०१ फिरवा.

डॉक्टरांना सगळी औषधे सांगा, ही सूचना मी हजारदा दिली असेल. त्या शनिवारी त्या मुलीने दाढ काढण्याआधी विचारले तेव्हा मी रक्तदाबाची गोळी सांगितली आणि गप्प बसले. मग तिनेच विचारले, "हाडांसाठी काही?" तेव्हा आठवले. गेली तीन वर्षे मी आठवड्यातून एकदा हाडांची गोळी घेते. त्या औषधांवर असताना दाढ काढली तर क्वचित जबड्याचे हाड लवकर भरून येत नाही, म्हणून आधी माहीत असावे लागते. तिने माझ्या इथल्या डॉक्टरांशी बोलून मगच, आठ दिवसांनी, दाढ काढली. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. हृदयात कृत्रिम झडप असेल तर दाढ काढण्याआधी किंवा हिरड्यांची खोल सफाई करण्याआधी ॲन्टिबायोटिकचा डोस लागतो, तेव्हा तेही सांगावे.

माझी दाढ गेली, जखम भरली. त्याच आठवड्यात सुनेने मुलाला धरून त्याच दवाखान्यात नेले. त्याला दोन कॅपा आहेत, दोन्ही सुट्टीत मुंबईला बसवलेल्या, आणि त्याला "काही त्रास नाही". एक्स-रेत एकीच्या कडेखाली तांदळाएवढी काळी सावली दिसली. कॅप काढून कीड साफ केली, दाढ भरून घेतली आणि नवी कॅप बसवली. दाढ वाचली. करकचे तीन पेले आता एकावर आले आहेत असे तो फोनवर सांगतो. सून म्हणते, दीडावर.